छपराचा आकडा कोण ठरवतं? अमेरिकेतल्या घराच्या विम्यातले अप्रेझर आणि अंपायर

एप्रिल २००३ मध्ये टेक्ससमधल्या प्लेनो शहरात गारपीट झाली. तिथल्या एका घरमालकिणीने विमा कंपनीकडे क्लेम टाकला. कंपनीचा अ‍ॅडजस्टर, म्हणजे नुकसान मोजायला पाठवलेला माणूस, छप्पर बघून म्हणाला, गारांचा मार बसलाय तो फक्त आढ्यावरच्या शिंगल्सना, म्हणजे छपरावरच्या डांबरी तुकड्यांना. दुरुस्तीचा खर्च ४९९ डॉलर ५० सेंट. पॉलिसीचं डिडक्टिबल (नुकसानीतला मालकाने स्वतः सोसायचा भाग) होतं १,४७७ डॉलर, म्हणजे हातात काहीच येणार नव्हतं. बाईंच्या रूफरने, म्हणजे छपराचं काम करणाऱ्या कंत्राटदाराने, तेच छप्पर बघितलं आणि सांगितलं, अख्खं छप्पर बदलावं लागेल, खर्च १३,००० डॉलरच्या वर.

बाईंनी पॉलिसीतल्या अप्रेझलच्या कलमावर बोट ठेवलं. रकमेवर वाद झाला तर दोघांनी आपापला अप्रेझर नेमून आकडा ठरवून घ्यायचा, असं ते कलम. कंपनी, म्हणजे स्टेट फार्म लॉइड्स, म्हणाली की हा वाद रकमेचा नाहीच, नुकसान गारांनी झालं की नाही याचा आहे. तेव्हा ते कलम इथे लागू होत नाही. प्रकरण टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००९ मध्ये निकाल लागला: अप्रेझल करा. सहा वर्षं गेली, आणि तीही आकडा किती यावर नाही, तर आकडा ठरवायला बसायचं की नाही यावर.

प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंग या पट्ट्यात आता मराठी घरं भरपूर आहेत. वसंतात गारा पडल्या की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी अंगणातल्या गारांचे फोटो येतात, मग रूफरचे नंबर फिरतात, आणि काही महिन्यांनी कुणीतरी विचारतं, "कंपनी फारच कमी देतेय. अप्रेझल माग म्हणाले. कुणी चांगला अप्रेझर माहीत आहे का?" उत्तरही ठरलेलं असतं: "अरे, तो अमुक घे. भांडून पैसे काढतो."

भांडून पैसे काढणारा माणूस अप्रेझर म्हणून बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो वाईट माणूस असतो म्हणून नाही. अप्रेझलमध्ये भांडण शेवटी तिसऱ्या माणसासमोर जातं, आणि त्या तिसऱ्या माणसाने आपल्या माणसावर विश्वास ठेवायला हवा, हे आपण विसरतो.

कलम काय म्हणतं

अमेरिकेत घराच्या विम्याचा सर्वांत जास्त वापरला जाणारा नमुना म्हणजे एचओ-३. त्यातलं अप्रेझलचं कलम जेमतेम एका परिच्छेदाचं आहे. नुकसानीच्या रकमेवर तुमचं आणि कंपनीचं जमलं नाही, तर दोघांपैकी कुणीही अप्रेझल मागू शकतं. लेखी मागणी पोचल्यापासून २० दिवसांत प्रत्येकाने एक सक्षम आणि निःपक्षपाती अप्रेझर नेमायचा. या दोन अप्रेझरांनी मिळून एक अंपायर निवडायचा. १५ दिवसांत त्यांचं एकमत झालं नाही, तर तुम्ही किंवा कंपनी त्या राज्यातल्या न्यायाधीशाला अंपायर नेमायला सांगू शकता. मग दोन्ही अप्रेझर आपापला आकडा काढतात. आकडे जुळले तर प्रश्न मिटला. नाही जुळले तर जिथे फरक आहे तेवढंच अंपायरपुढे जातं. तिघांपैकी कुठल्याही दोघांनी मान्य केलेला आकडा हा अंतिम आकडा. आपल्या अप्रेझरचा खर्च ज्याचा त्याचा, अंपायरचा आणि बाकीचा खर्च निम्मा-निम्मा.

गावाकडे दोन भावांच्या वाटणीत प्रत्येकाने आपला एक पंच आणायचा आणि त्या दोन पंचांनी तिसरा निवडायचा, तशीच ही रचना. फरक एवढाच की वाटणीतला पंच उघडपणे आपल्या भावाच्या बाजूने बोलतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. इथे कलमात 'निःपक्षपाती' हा शब्द छापलेला असतो आणि कोर्ट तो वाचतं.

कलम जुनं आहे. १९४३ च्या न्यूयॉर्क स्टँडर्ड फायर पॉलिसीत ते जवळजवळ याच शब्दांत आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या विमा कायद्यात कलम २०७१ मध्ये आजही ते तसंच दिसतं. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं १८८८ मध्येच मान्य केली होती. पुराच्या सरकारी विम्याच्या पॉलिसीतही २० आणि १५ दिवसांचे तेच आकडे आहेत. पण आता काही कंपन्यांनी घराच्या विम्यातून हे कलम काढून टाकलंय, तर काहींनी 'दोघांची संमती असेल तरच' अशी अट घातलीय. दोघांची संमती हवी, याचा अर्थ कंपनीला नको असेल तर अप्रेझल होणार नाही. त्यामुळे ग्रुपवर विचारण्याआधी स्वतःच्या पॉलिसीचं 'कंडिशन्स' हे प्रकरण वाचा. एका मित्राच्या पॉलिसीत कलम होतं म्हणून तुमच्या पॉलिसीत असेलच असं नाही. त्याची आणि तुमची कंपनी एकच असली तरीही नाही.

भारतातून आलेल्या माणसाचा इथे गोंधळ होतो, तो साहजिकच आहे. तिकडे मोठा क्लेम असला की परवाना असलेला सर्व्हेअर येतो, त्याला विमा कंपनी नेमते आणि त्याच्या अहवालावर सगळं चालतं. आकडा पटला नाही तर ओम्बुड्समन किंवा ग्राहक आयोग. भारतातल्या स्टँडर्ड फायर पॉलिसीतही मात्र असंच एक कलम असायचं. जबाबदारी कबूल आहे पण रकमेवर वाद आहे, तर एक लवाद. त्या एकावर एकमत नसेल तर प्रत्येकाचा एक आणि त्या दोघांनी निवडलेला तिसरा. घराच्या विम्यात ते वापरायची वेळ सहसा कुणावर येत नाही, म्हणून ते कुणाला आठवत नाही.

रक्कम ठरते, जबाबदारी नाही

अप्रेझलमध्ये फक्त 'किती' याचं उत्तर मिळतं. हे नुकसान पॉलिसीत बसतं का, हे अप्रेझर ठरवत नाहीत. तळघरात पाणी आलं. कंपनी म्हणते हा पूर आहे आणि पूर पॉलिसीत नाही. हा वाद अप्रेझलने मिटणार नाही. त्यासाठी वकील लागतो किंवा राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करावी लागते.

पण मधला प्रदेश धूसर आहे. छपरावर गारांचे डागही आहेत आणि वीस वर्षांच्या उन्हाचे भेगाळलेले तुकडेही. अप्रेझरला गारांचा खर्च काढायचा तर आधी उन्हाचा भाग बाजूला ठेवावा लागतो, म्हणजे कारण थोडंफार ठरवावंच लागतं. टेक्ससच्या कोर्टाने २००९ मध्ये नेमकं हेच म्हटलं: कारणाला अजिबात हात लावायचा नाही असं म्हटलं तर अप्रेझल कधीच होणार नाही. अप्रेझल होऊ द्या, त्यात कुणी हद्द ओलांडली असं वाटलं तर नंतर कोर्टात या. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये वेगळी रेघ ओढली. कंपनीने काही भाग कबूल केला असेल तर किती भाग कशामुळे, हे अप्रेझर बघतील. पण कंपनीने क्लेम पूर्णपणे नाकारला असेल तर तो प्रश्न कोर्टाचा. कॅलिफोर्नियाची कोर्टं अप्रेझरांना कारणाच्या प्रश्नाजवळ अजून कमी फिरकू देतात. न्यू जर्सीतल्या भावाचा अनुभव ह्यूस्टनमध्ये कामाला येत नाही, ते यामुळेच.

कंपनीचं पत्र वाचताना एक गोष्ट शोधा. तिने काही नुकसान कबूल केलंय का, थोडं का होईना, डिडक्टिबलच्या आतलं का होईना? "गारांचं नुकसान आहे पण ७,८०० डॉलरचंच" हा वाद अप्रेझलला साजेसा आहे. "गारांचं नुकसानच नाही" हा वाद त्यासाठी कच्चा आहे.

अप्रेझर निवडताना

आधी 'निःपक्षपाती' या शब्दाचं बघू, कारण बहुतेक घोटाळे त्यावरच होतात.

फ्लोरिडात एका घरमालकाने पब्लिक अ‍ॅडजस्टर घेतला होता. पब्लिक अ‍ॅडजस्टर म्हणजे कंपनीकडून क्लेम मिळवून देण्यासाठी तुम्ही नेमलेला परवानाधारक माणूस. तो मिळालेल्या रकमेच्या टक्केवारीवर काम करतो. टेक्ससमध्ये कायद्याने ही टक्केवारी १० च्या वर जाऊ शकत नाही. फ्लोरिडात ती एरवी २० पर्यंत आणि आपत्ती जाहीर झालेली असेल तर १० पर्यंत असते. या घरमालकाने पुढे त्याच पब्लिक अ‍ॅडजस्टर कंपनीच्या अध्यक्षाला अप्रेझर म्हणून नेमलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे चालणार नाही. पॉलिसीत 'हितसंबंध नसलेला' अप्रेझर हवा असं लिहिलंय, आणि ज्याचं उत्पन्न निकालाच्या आकड्याबरोबर वाढतं त्याचा हितसंबंध आहे. हे मान्य करून, दोघांनाही माहिती देऊन नेमलं तरी उपयोग नाही.

कोलोरॅडोत एका काँडो संकुलाचं प्रकरण २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांच्या अप्रेझरने तासावर फी घेतली होती, पण एकूण फी निकालाच्या ५ टक्क्यांच्या वर जाणार नाही अशी मर्यादा करारात होती. कोर्ट म्हणालं, एवढ्याने अप्रेझर पक्षपाती ठरत नाही. मात्र अप्रेझरने कुणाचीही वकिली करता कामा नये, 'मला माझ्या पक्षाने नेमलंय म्हणून मी त्याची बाजू लावून धरणार' असं म्हणता येणार नाही, हे कोर्टाने स्पष्ट केलं. आणि खरोखर तसं झालं का, हे तपासायला प्रकरण खाली परत पाठवलं. तीन माणसांनी केलेलं सगळं काम अशा वेळी पुन्हा उकरलं जातं.

पॉलिसीत कधी फक्त 'सक्षम' एवढंच लिहिलेलं असतं, कधी 'निःपक्षपाती', कधी 'हितसंबंध नसलेला'. शब्द कुठलाही असला तरी माझं मत एकच आहे: फी तासावर किंवा ठरीव रकमेत असावी, निकालावर टक्केवारी नसावी. टक्केवारीवाला स्वस्त वाटतो, कारण आधी खिशातून काही जात नाही. पण कंपनीने पुढे निकाल रद्द करायला मागितला की तेच कारण तिच्या हातात असतं.

मग रूफर? ज्याने अंदाजपत्रक दिलं, त्याला अप्रेझर करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो छपरावर आधीच चढलेला असतो आणि फुकट तयार असतो. पण छप्पर बदललं तर काम त्यालाच मिळणार, मग तो निःपक्षपाती कसा? टेक्ससमध्ये आणखी एक भानगड आहे. जो कंत्राटदार काम करणार आहे, तो त्याच कामाचा पब्लिक अ‍ॅडजस्टर होऊ शकत नाही, आणि परवान्याशिवाय मालकाच्या वतीने क्लेमची बोलणी करणंही बेकायदा आहे. एका रूफिंग कंपनीने या कायद्याला आव्हान दिलं होतं. जून २०२४ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. रूफरला त्याच्या जागी राहू द्या. त्याचे फोटो, त्याचं अंदाजपत्रक, त्याने मोजलेलं क्षेत्रफळ अप्रेझरच्या हातात द्या. तो साक्षीदार म्हणून जास्त उपयोगी आहे.

आता 'सक्षम'. हे कसं ओळखायचं, तर त्याला छपरावर काम करताना पाहून. चांगला अप्रेझर नुसतं वर जाऊन फोटो काढत नाही. छपराच्या प्रत्येक उतारावर तो खडूने १० फूट बाय १० फुटांचा चौकोन आखतो आणि त्यात गारांचे मार मोजतो, उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, प्रत्येकाचे वेगळे. गारेने शिंगलवरचे दाणे उडतात, खालचं काळं डांबर दिसतं आणि अंगठ्याने दाबलं तर तिथे मऊ लागतं, कारण आतली जाळी तुटलेली असते. उन्हाने आलेला फोड वेगळा दिसतो, कुणाच्या बुटाने घासलेलं वेगळं. मग तो धुराडीच्या टोप्या, व्हेंट, गटारं, एसीच्या पात्या बघतो. मऊ पत्र्यावर गारा ठसे सोडतात आणि कुठल्या दिशेने आल्या तेही दाखवतात. पश्चिमेच्या व्हेंटवर खोल खड्डे आहेत आणि अ‍ॅडजस्टरने पश्चिमेच्या उतारावर 'शून्य' लिहिलंय, तर ते अंपायरला सांगण्यासारखं आहे. शेवटी तो एखादी शिंगल हलकेच उचलून बघतो. जुनी शिंगल उचलताच मोडत असेल, तर 'फक्त पाच शिंगल बदला' हे कागदावर शक्य असलं तरी छपरावर शक्य नाही. शेजारची मोडल्याशिवाय मधली काढताच येत नाही. कित्येक वाद याच एका मुद्द्यावर फिरतात.

दुसरी सक्षमता कागदाची. इथे बहुतेक अंदाजपत्रकं एक्झॅक्टिमेट नावाच्या सॉफ्टवेअरवर होतात, त्यात भाग आणि महिना यांनुसार दर असतात. दोन आकड्यांतला फरक पुष्कळदा दरात नसतोच, ओळी गाळण्यात असतो. कडेची धातूची पट्टी, सुरुवातीची शिंगल, उभ्या उताराचा जादा मजुरीदर, दुमजली घराचा जादा खर्च, जुना माल उतरवून नेणं, स्थानिक बांधकाम नियमांमुळे वाढलेलं काम, जनरल कॉन्ट्रॅक्टरचा वरखर्च आणि नफा. हा शेवटचा प्रथेने १० अधिक १० टक्के लावतात आणि कंपनी तो सर्वांत आधी गाळते. नेमण्याआधी अप्रेझरला कंपनीचं अंदाजपत्रक दाखवा आणि विचारा, "यात काय नाही?" ज्याला पाच मिनिटांत तीन-चार ओळी दिसतात तो कामाचा. "मी तुम्हाला पूर्ण छप्पर मिळवून देतो" असं जो छप्पर न बघता म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

इन्शुरन्स अप्रेझल अँड अंपायर असोसिएशन, विंडस्टॉर्म इन्शुरन्स नेटवर्क अशा संस्था प्रशिक्षण घेतात आणि प्रमाणपत्रंही देतात. नाव शोधायला त्यांच्या याद्या बऱ्या. पण प्रमाणपत्र म्हणजे परवाना नाही. त्याहून उपयोगी प्रश्न हा की त्याने आजवर फक्त घरमालकांसाठी काम केलंय की कंपन्यांसाठीही. दोन्हीकडून काम केलेला माणूस समोरच्या अप्रेझरला ओळखत असतो, आणि पुढची पायरी तिथेच सोपी किंवा अवघड होते.

खरी निवड अंपायरची

घरमालक आपला अप्रेझर निवडताना महिना घालवतो आणि अंपायरचं नावही विचारत नाही. माझ्या मते वेळ उलटा द्यायला हवा. दोन अप्रेझरांचं एकमत झालं नाही, तर निकाल अंपायर ज्याच्याकडे झुकेल त्याचा. अंपायरच्या निवडीत तुमच्या बाजूने बसतो तुमचा अप्रेझर, म्हणजे अंपायर चांगला यावा म्हणूनच अप्रेझर चांगला हवा.

ही निवड कशी होते ते बघा. समजा, तुमच्या अप्रेझरने ईमेलने तीन नावं पाठवली: एक निवृत्त डिस्ट्रिक्ट जज, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, एक जुना कंत्राटदार जो आता फक्त अंदाजपत्रकांचं काम करतो. कंपनीच्या अप्रेझरने त्याची तीन नावं पाठवली. त्यातला एक त्याच कंपनीत पंधरा वर्षं अ‍ॅडजस्टर होता, एक इंजिनिअर ज्याचे अहवाल नेहमी 'गारांचं नुकसान नाही' असेच असतात, आणि एक दुसऱ्या शहरातला वकील. इथे दोघांनी हट्ट धरला तर १५ दिवस असेच जातात. शहाणा अप्रेझर फोन उचलतो: "तुमचा तो वकील आणि आमचे ते जज, दोघांची माहिती मागवू. कुणी कुणासाठी किती कामं केली ते लिहून घेऊ." मग उरलेल्या एक-दोन नावांवर बहुतेक वेळा जमतं.

अंपायर कोण चांगला, याला एक उत्तर नाही. वाद कामाच्या व्याप्तीचा असेल, म्हणजे दुरुस्ती की पूर्ण छप्पर, तर ज्याने छपरं हाताळली आहेत असा माणूस बरा. वाद शेकडो ओळींच्या कागदाचा असेल, आगीत जळालेलं घर, आतलं सामान, घसारा, तर निवृत्त न्यायाधीश कागद शिस्तीने वाचतो. एक प्रकार मात्र मी टाळायला सांगेन: दोन आकडे बघून मधला काढणारा. अशा अंपायरची ख्याती पसरते आणि मग दोन्ही बाजू आकडे फुगवतात किंवा चेपतात. अप्रेझरने विचारावं, "तुम्ही ओळी-ओळीने निर्णय देता की एकूण रकमेवर?" ओळी-ओळीने म्हणणारा घ्यावा. त्याच्यासमोर फुगवलेलं अंदाजपत्रक टिकत नाही, आणि तुमचा माणूस प्रामाणिक असेल तर ते तुमच्याच फायद्याचं.

नेमणुकीआधी अंपायरकडून लेखी खुलासा घ्यायला हवा. या कंपनीसाठी, दोन्ही अप्रेझरांसाठी, या घरमालकासाठी आधी काय काम केलं, नातं काय, येणं-देणं काय. तासाचा दर आणि किमान आकारही लेखी घ्या. नंतर अंपायरशी कुणी एकट्याने बोलायचं नाही. ईमेल गेला तर दोन्ही अप्रेझरांना जातो, फोन झाला तर तिघांचा. घरमालकाने तर अंपायरला फोन करूच नये. "फक्त वस्तुस्थिती सांगतो" असं म्हणून केलेला फोनही निकाल पाडू शकतो.

एकमत होत नसेल तर न्यायाधीशाकडे अर्ज. यात एक खाच आहे. जो पहिल्यांदा अर्ज करतो, तो आपल्या पसंतीची नावं जोडतो, आणि न्यायाधीशाला छपरांमध्ये विशेष रस नसतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं समोर नसेल तर यादीतलं पहिलं नाव सहज नेमलं जातं. म्हणून १५ दिवस संपायच्या आत अप्रेझरला विचारत राहा आणि कंपनीने अर्ज केला तर आपलीही नावं आणि त्यांची माहिती लगेच दाखल करा. आपण अर्ज करत असू तर त्याची प्रत कंपनीला द्या. पुढे 'आम्हाला कळवलंच नाही' या तक्रारीला जागा राहत नाही.

परवडतं का

आकडे मांडूनच बोलू. हे नमुन्याचे आहेत. घराचा विमा साडेचार लाख डॉलरचा. टेक्ससमध्ये गारा-वाऱ्याचं डिडक्टिबल आता बऱ्याचदा टक्क्यांत असतं. २ टक्के धरले तर ९,००० डॉलर. कंपनीचा आकडा ७,८००, म्हणून चेक शून्य. रूफरचा आकडा २९,०००. अप्रेझलमध्ये निकाल आला २२,०००. डिडक्टिबल वजा करून उरले १३,०००. तुमच्या अप्रेझरची फी ३,२००, अंपायरच्या २,४०० पैकी निम्मे १,२००. हातात राहिले ८,६००.

इथवर ठीक. पण छप्पर बारा वर्षांचं आहे. कंपनी आधी घसारा कापून पैसे देते. २२,००० चं आजचं मूल्य १४,००० धरलं तर पहिला चेक ५,००० चा. उरलेले ८,००० काम पूर्ण झाल्याची बिलं दाखवल्यावर. आणि तुमच्या पॉलिसीत छपराला 'अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू', म्हणजे घसारा वजा केलेली किंमतच मिळेल अशी पुरवणी जोडलेली असेल, तर ते ८,००० कधीच येत नाहीत. ५,००० मधून ४,४०० खर्च गेला. राहिले ६०० डॉलर. एवढ्यासाठी तीन माणसं छपरावर चढवण्यात अर्थ नाही. हप्ता कमी होतो म्हणून नूतनीकरणाच्या वेळी ही पुरवणी घेतलेली असते आणि घरात कुणाच्या लक्षात नसते. अप्रेझल मागण्याआधी ते पान शोधा.

मागणी करायची ठरली तर पत्र छोटं ठेवा: पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, नुकसानीची तारीख, 'रकमेवर आमचा वाद आहे, पॉलिसीच्या अप्रेझल कलमानुसार मागणी करतो', आपल्या अप्रेझरचं नाव-पत्ता, आणि कंपनीने तिचा अप्रेझर २० दिवसांत कळवावा. ईमेल कराच, पण सर्टिफाइड मेलनेही पाठवा, कारण २० दिवस पत्र पोचल्यापासून मोजतात. कोर्टात जाण्याची मुदत पॉलिसीत छापलेली असते. अप्रेझल चालू आहे म्हणून ती मुदत थांबते असं समजू नका. मुदत जवळ येत असेल तर वकिलाला विचारा. कंपनीही अप्रेझल मागू शकते, तुम्ही दावा लावल्यानंतरसुद्धा. ते पत्र आलं की तुमचेही २० दिवस सुरू होतात.

निकालाचा कागद एका ओळीचा स्वीकारू नका. छप्पर, गटारं, आतलं छत, नियमांमुळे वाढलेला खर्च, प्रत्येकाची बदलण्याची किंमत आणि घसारा वजा केलेली किंमत वेगवेगळी हवी. नुसतं '२२,०००' लिहिलं तर कंपनी पुढे म्हणू शकते की यातला काही भाग पॉलिसीत बसत नाही, आणि तो भाग किती, हे कुणालाच सांगता येत नाही. निकाल पक्का मानला जातो. टेक्ससमध्ये फसवणूक, अपघात किंवा चूक सिद्ध झाली, अप्रेझरांनी हद्द ओलांडली किंवा पॉलिसीची रीत पाळली नाही, अशाच कारणांनी तो रद्द होतो. 'आकडा कमी वाटतो' हे कारण चालत नाही.

टेक्ससमध्ये पैसे उशिरा दिल्याबद्दल कंपनीकडून व्याज मागता येतं आणि नुसता निकालाचा चेक दिला म्हणून ती त्यातून आपोआप सुटत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं. २०२४ मध्ये मात्र त्याच कोर्टाने सांगितलं की कंपनीने निकालाची रक्कम आणि होऊ शकणारं सगळं व्याज दिलं, तर वकिलाची फी वेगळी मागता येणार नाही. त्यामुळे कंपन्या आता निकालानंतर चेकबरोबर व्याजही जोडून पाठवतात.

चेक आला की नीट बघा. घरावर कर्ज असेल तर त्यावर तुमच्या नावाबरोबर बँकेचंही नाव असतं, आणि बँकेची सही झाल्याशिवाय तो वटत नाही. रक्कम मोठी असेल तर बँक पैसे स्वतःकडे ठेवते आणि काम पुढे सरकेल तसे हप्त्यांनी सोडते. डिडक्टिबल रूफरने 'माफ' करायची भाषा केली तर नको म्हणा. टेक्ससमध्ये २०१९ पासून तो सरळ गुन्हा आहे, आणि घसाऱ्याचे राहिलेले पैसे देण्याआधी तुम्ही डिडक्टिबल भरल्याचा पुरावा कंपनी मागू शकते. रूफरचं बिल, भरलेल्या चेकची प्रत आणि काम झाल्याचे फोटो एकाच पाकिटात ठेवा.